तांबडं रबर नसलेली बाटली

सुजाता गेल्याची बातमी मला तिच्या वडिलांनी सांगितली, आणि तीही उलट्या टोकानं. शनिवारची सकाळ होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागच्या मोरीवर मी बाटल्या धूत बसले होते. मारुतीतात्या पिंपळीहून एस.टी.नं आले, दाराशी उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “शकूताई, उद्या ऐतवार हाय. बाटल्या बदलायचा ऐतवार.” मला वाटलं, सुजातानंच निरोप धाडला असेल. तिला कावीळ झाली होती, पुण्याच्या दवाखान्यात हलवल्याचं कानावर आलं होतं आणि येत्या आठवड्यात भेटून यायचं माझ्या मनात होतं. म्हटलं, “तिला म्हणावं, आधी बरी हो. बाटल्यांचं मी बघते.” तात्यांनी हातातल्या टोपीची घडी घातली. मग म्हणाले, “ती गेली की वं परवा. काल समदं उरकलं. बाटल्यांचं कुणी करायचं, तेवढं इचारायला आलो…” हातातली बाटली मी पूर्ण धुतली, विसळली, फडक्यावर उपडी ठेवली आणि मग रडले. बत्तीस वर्षांची सवय आहे, हात आधी आपलं काम संपवतात.

तिचं पूर्ण नाव सुजाता मारुती भालेराव. ज्या कामासाठी ते नाव छापून यायला हवं होतं, त्या कामाखाली ते कधी छापलं गेलं नाही. ते आज छापून यावं एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे. दुःख आहेच, ते घरी बसूनही करता येतं. हा लेख मी सूड म्हणून लिहिते आहे, आणि हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदारपणा शिकवायला येणार नाही. ज्यांच्यावर सूड घ्यायचा आहे त्यांचं नाव मात्र या लेखात कुठंही येणार नाही. मी त्यांना नुसतं ‘सर’ म्हणणार आहे. नाव छापून आणणं हाच त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. रविवारची पुरवणी आली की ते आधी आपलं नाव शोधतात, ते मी याच डोळ्यांनी पाहिलं आहे. आज शोधू द्या. मला निवृत्त व्हायला चार महिने उरलेत, प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या बाईचं ते आता काय वाकडं करणार?

सुजाता आमच्याकडं आली तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, अंगानं काटकुळी, आवाज मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. वडील एस.टी.त कंडक्टर, घर पिंपळीत, आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं. सरांच्या हाताखाली ती हंगामी संशोधन सहायक म्हणून लागली. बारामतीत त्या वेळी ऊतिसंवर्धनाचं नवं वारं होतं. बाटलीत केळीची रोपं वाढवायची, शेतकऱ्यांना द्यायची. जॅमच्या बाटल्या, त्यात साखर, क्षार आणि आगर ही समुद्री शेवाळाची पूड शिजवून घट्ट केलेलं खाद्य, त्यावर झाडाचा नखाएवढा तुकडा. या खाद्याला आम्ही मीडिया म्हणायचो. तुकडा वाढायचा तर मीडियात वाढीची संप्रेरकं घालावी लागतात, नाहीतर तो तिथल्या तिथं तपकिरी होऊन मरतो. संप्रेरक घातलेल्या बाटलीच्या गळ्याला आम्ही तांबडं रबर लावायचो, बिनसंप्रेरकाच्या बाटलीला काही लावायचं नाही. एवढी आमच्या प्रयोगशाळेची रीत, आणि पुढचं सगळं रामायण या रबरावरूनच झालं.

मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते, हेही लिहून टाकते. आमचं घर कळंबचं, उसाचं, आणि मनात जे मुरलेलं असतं ते मुरलेलं असतं. पहिला महिनाभर सुजातानं डबा पुढं केला की मी उपास सांगायचे. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी संकष्टी. एका बुधवारी तिनं डबा पुढं धरला, मी नेहमीसारखं “उपास आहे गं” म्हटलं, तर ती अगदी भोळा चेहरा करून विचारते, “ताई, बुधवारचा उपास कुठल्या देवाचा वं?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघीही हसलो, आणि तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी भाकरीसकट खाल्ली. त्या दिवसापासून ती माझी कोण झाली ते मला सांगता येत नाही. माझ्या पोटच्या पोरीशी मी एवढं बोललेले नाही.

सरांशी मात्र तिचं पहिल्यापासून वाकडं नव्हतं, उलट तिला त्यांचा आदर होता. त्यांचं तिच्याशी काय होतं ते एका वाक्यात सांगते. तिचं टेबल बघून एकदा ते म्हणाले, “तुमच्याकडून इतकं नीटनेटकं काम होईल अशी अपेक्षा नव्हती, भालेराव.” ती म्हणाली, “तुमच्याकडून म्हणजे पिंपळीकरांकडून का सर?” सर निघून गेले. दुसरी गोष्ट तिच्या वहीची. कामाची वही ती मराठीत लिहायची. कुठली बाटली, कोणत्या तारखेची, काय दिसलं, काय वाटलं, सगळं बारीक अक्षरात. तक्ते तेवढे इंग्रजीत, वेगळ्या कागदांवर. सरांनी ती वही दोन बोटांनी उचलली आणि टेबलावर टाकली. “शास्त्र मराठीत होत नसतं. ही तुमची रोजनिशी घरी ठेवा, मला फक्त तक्ते देत जा.” त्यांनी ती वही पुन्हा कधी उघडली नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढं कामाला येईल.

बाटली बदलायला तिनंच मला शिकवलं. धुणारीनं फक्त धुवावं हे तिला पटत नव्हतं. दिव्याच्या ज्योतीशेजारी झाकण उघडायचं, चिमटा तापवायचा, तुकडा उचलून नव्या मीडियावर ठेवायचा, झाकण लावायचं. श्वास रोखून, हात न हलवता. मी कुणावर चिडलेली असले की तिला हातावरून कळायचं. “ताई, आज तुमी नका करू,” ती म्हणायची, “राग बाटलीत गेला की बुरशी येती.” मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

द्राक्षाच्या गाठीची गोष्ट त्यानंतरच्या वर्षीची. कळंबला माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, थोडी द्राक्षबाग होती. सुट्टीला सुजाता माझ्यासोबत आली होती. अण्णा कुदळीनं एक वेल उपटत होता. बुडख्याशी मुठीएवढी खडबडीत गाठ. अण्णा म्हणाला, “कसला रोग हाय कळंना. छाटणीच्या जखमंतनं येतोय. जाळून टाकतो, न्हायतर समदी बाग खाईल.” सुजाता चिखलात गुडघ्यावर बसली. “अण्णा, जाळा, पण ही गाठ मला द्या.” अण्णा म्हणाला, “व्हय, न्या की. लोकं आमच्याकडनं घड नेत्यात, तुमी गाठ न्या.” तिनं ती ओल्या रुमालात बांधली आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बारामतीला आणली.

त्या प्रवासात तिनं मला जे समजावलं ते मला अजून पाठ आहे. मातीत एक जीवाणू असतो. झाडाला जखम झाली की तिथून तो शिरतो आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा पेशीच्या जनुकांमध्ये जाऊन बसतो. मी म्हटलं, “म्हणजे कसं?” ती म्हणाली, “समजा, कुणीतरी तुमच्या घरात शिरून तुमच्या सैपाकाच्या वहीत स्वतःची दोन पानं शिवून गेलं. तुमाला पत्ता न्हाय. तुमी आपल्या रोज वही उघडून त्यापरमाणं रांधताय.” त्या परक्या पानांवर संप्रेरकं बनवायची कृती लिहिलेली असते. एरवी झाड ती मोजूनमापून बनवतं, आता पेशी ती मोकाट बनवू लागते, फुगते, दुभागते, थांबतच नाही. त्याचीच ती गाठ. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे नंतर तो जीवाणू मेला तरी गाठ वाढतच राहते. पानं शिवणारा गेला, पण पानं वहीत राहिली. हे जगातल्या शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं, तिनं ते शोधल्याचा दावा कधीच केला नाही. आपल्या मातीतला जीवाणू काय करतो ते तिला बघायचं होतं.

तिनं गाठीतून जीवाणू वेगळा केला, पानफुटीच्या खोडाला सुईनं टोचून लावला. महिनाभरात पानफुटीवर गाठी आल्या. त्या कापून, जीवाणू मरेल असं औषध देऊन, तिनं तुकडे बाटल्यांत ठेवले, आणि बाटल्यांना रबर लावलं नाही. संप्रेरकाचा थेंबही नाही. साधे तुकडे मेले, गाठीचे वाढले. असे पांढुरके गोळे कितीतरी बाटल्यांत झाले. पण एका बाटलीत गोळा झालाच नाही. त्यातून बारीक बारीक कोंब आले, कोंबांना पानं आली, हिरवीगार, दाट, आणि मूळ एकही नाही. सुजाता दोन दिवस त्या बाटलीपुढं बसून होती. मग म्हणाली, “ताई, हिच्यात एक पान फाटकं शिवलंय.” तिचं म्हणणं असं, की त्या परक्या तुकड्यात दोन कृती असतात, एका संप्रेरकाची मुळं धरायला आणि दुसऱ्याची कोंब फुटायला. दोन्ही बरोबर चालल्या की नुसता गोळा होतो. या बाटलीतल्या पेशीत पहिली कृती तुटकी पोचली असावी, म्हणून दुसरीचंच राज्य चाललंय. पुढं सहा महिने तिनं तपासून, पुन्हा पुन्हा वाढवून, तक्ते करून ते पटण्यासारखं केलं. वहीत त्या बाटलीच्या पानावर तिनं वरच लिहिलं आहे: ‘हिला वरून काहीही घालू नये. हिचं हिला पुरतं.’

सरांनी तक्ते नेले. वर्षाच्या आत त्यांचा लेख एका मोठ्या इंग्रजी नियतकालिकात आला. लेखक एकच. शेवटी आभार होते: प्राचार्यांचे, द्राक्षबागायतदारांचे, फोटो काढणाऱ्या स्टुडिओचे आणि ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे’. स्टुडिओवाल्याचं नाव होतं. सुजाताचं नव्हतं. त्या बाटलीचा पानभर रंगीत फोटो होता. तिच्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असायची, मराठीत पूर्ण नाव आणि तारीख. फोटोत बाटली फिरवून ठेवली होती, चिठ्ठी मागं जाईल अशी. मी प्रयोगशाळेतलं भिंग लावून पाहिलं, काचेच्या कडेला चिठ्ठीचा पांढरा काठ दिसतो. म्हणजे विसरले वगैरे नव्हते. हातानं फिरवली होती. मी म्हटलं, चल प्राचार्यांकडं, मी साक्ष देते. सुजातानं अंक हातात घेऊन तो फोटो पाहिला आणि म्हणाली, “फोटो छान आलाय वं.” मग उठून मोरीवर गेली आणि नळ सोडून तोंड धूत राहिली… खूप वेळ.

तिनं एकदाच सरांना विचारलं, मी बाहेर उभी होते, मला ऐकू आलं. “सर, माझं नाव?” ते म्हणाले, “भालेराव, तुमची नेमणूक सहायकाची आहे. मदतनीसाचं नाव घराच्या पाटीवर लावत नाहीत.” पुढच्या जूनमध्ये तिची हंगामी नेमणूक पुढं वाढवली गेली नाही. कारण दिलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

तिची नोकरी संपल्यावर चार दिवसांनी सर तिच्या कपाटापुढं आले. इतर बाटल्यांना तांबडं रबर आणि या रांगेला काहीच नाही, हे बघून म्हणाले, “बाई रबर लावायलाही विसरल्या. म्हणे शास्त्रज्ञ.” मग सगळ्यांसमोर मला हुकूम दिला, “यातलं सगळं चांगल्या मीडियावर घ्या, आणि ही जुनी डबडी धुवून टाका.” चांगला मीडिया म्हणजे संप्रेरकांचा. तिची वही माझ्या पिशवीत होती. जाताना ती मला देऊन गेली होती, “सरांनी मागितली तर द्या” म्हणून. मी म्हटलं, “सर, सुजाताच्या वहीत याबद्दल लिहिलंय, बघता का?” ते म्हणाले, “ती मराठी वही? मला वेळ नाही.” मग मी कशाला बोलू? मी हुकमाची ताबेदार. सांगितलं तसं केलं. जुन्या बाटल्यांत पानांचे झुपके उरले होते, धुवायला सांगितलेल्या. त्यातल्या तीन मी धुतल्या नाहीत. पिशवीत घालून पिंपळीला नेल्या आणि वहीसकट सुजाताच्या हातात दिल्या. ती म्हणाली, “ताई, त्यांना सांगायला पायजे व्हतं. तिकडं पानं मरतील.” मी म्हटलं, “लिहिलेलं होतं. वाचायचं की नाही ते त्यांनी ठरवलं.” हे मी आजही तसंच म्हणेन.

पुढं काय झालं ते सांगताना मला आनंद होतो, लपवत नाही. वरून संप्रेरक मिळाल्यावर पानं दोन महिन्यांत नाहीशी झाली. राहिला तो गोळा, साध्या गाठीसारखा. सर घाबरले, त्यांनी आणखी संप्रेरक घातलं. गोळे तपकिरी झाले. अनुदान देणाऱ्या समितीतले दोघं तो फोटो वाचून, सॉरी, बघून आले होते. त्यांनी विचारलं, ती पानांची बाटली कुठं आहे? सरांनी काळपट गोळ्यांची रांग दाखवली. त्यातले एक म्हातारे गृहस्थ होते, ते वाकून बाटलीच्या गळ्याकडं बघत म्हणाले, “पण याला तुम्ही संप्रेरक का देता आहात?” सरांनी रांगेतली एक बाटली उगाच सरळ केली. मी चहाचे कप गोळा करत होते. त्या दिवशीइतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

सुजाता इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवू लागली. पिंपळीच्या घरातल्या मधल्या खोलीत लोखंडी कपाटाचं दार काढून तिनं आत ट्यूबलाइट बसवली, सुतारानं केलेली काचेची पेटी आणली, प्रेशर कुकरमध्ये मीडिया शिजवू लागली. दर चौथ्या रविवारी बाटल्या बदलायच्या. मीही जायचे. तात्या स्पिरिटचा दिवा पेटवून द्यायचे आणि दाराबाहेर बसून कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. “आत आपरेशन चाललंय,” असं सांगायचे. तीन बाटल्या, दर महिन्याला, कितीतरी वर्षं. शाळेतल्या पोरांना ती एक बाटली दाखवायला न्यायची. मी विचारायचे, आता यातून तुला काय मिळणार आहे? ती म्हणायची, “मिळायचं काय? जिवंत हाय, मग सांभाळायला नको?” सरांना शिव्या देण्यात तिनं मला कधी साथ दिली नाही. याचा मला फार राग यायचा. माझ्या एकटीच्या रागावर दोघींचं काम भागवावं लागायचं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पिंपळीच्या विहारापुढं झाला. बुद्धमूर्तीशेजारी तिचा फोटो, मेणबत्त्या, भंतेजींची वंदना, आणि नंतर चार लोकांचं बोलणं. सर आले होते. बोलायलाही उठले. “सुजाता माझी विद्यार्थिनी. माझ्या संशोधनात तिनं प्रामाणिकपणे मदत केली. तिच्यासारखे सहायक आता मिळत नाहीत.” गळा दाटून आल्यासारखं केलं, रुमालही काढला. लोक हळहळले. मी तात्यांकडं बघितलं, ते हात जोडून बसले होते. तिथं उठून बोलायला हवं होतं, ते मला जमलं नाही. या लेखातले सगळे शब्द मी त्या दिवशी गिळलेले आहेत.

त्याच दुपारी मी मधल्या खोलीत जाऊन बाटल्या बदलल्या. आधीच आठवडा उशीर झाला होता. दिवा पेटला, चिमटा तापला आणि माझ्या डोळ्यांपुढं तो रुमाल. हात लटलटत होते. झाकण उघडून मी बहुतेक मोठ्यानं काहीतरी बोललेही. पाचव्या दिवशी तात्यांचा निरोप आला. जाऊन बघते तर तीनपैकी दोन बाटल्यांत काळी बुरशी, पानांवर कापसासारखी चढलेली. वर्षानुवर्षं तिनं सांभाळलेलं मी एका दुपारी घालवलं. “राग बाटलीत गेला की…” त्या दोन बाटल्या तात्यांनी स्वतः उकळल्या, मला हात लावू दिला नाही. उरली एकच बाटली.

आणि त्या एका बाटलीसाठी सर पिंपळीला आले. गाडी घेऊन, एकटेच. पिंपळीतलं कुणीतरी बोललं असणार, तिच्या घरी ती पानं अजून आहेत म्हणून. मी योगायोगानं नव्हते तिथं, सर येणार असं कळल्यावर तात्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सर कपाटापुढं उभे राहिले. मी खोटं लिहिणार नाही, त्यांचा चेहरा क्षणभर खराखुरा उजळला. मग म्हणाले, “शकुंतलाबाई, हे कॉलेजचं साहित्य आहे.” मी म्हटलं, “तुम्हीच धुवायला सांगितलं होतं, सर. सगळ्यांसमोर.” ते आवाज मऊ करून म्हणाले, “हे बघा, पुढच्या महिन्यात समिती पुन्हा येते आहे. आणि भावना बाजूला ठेवून विचार करा. या कपाटात हे किती दिवस टिकेल? दोन तर गेल्याच म्हणे. माझ्याकडं टिकेल.”

हे खरं होतं, तेच मला खुपत होतं. त्यांच्याकडं यंत्रं आहेत, गार खोली आहे, शिकलेले हात आहेत. माझ्याकडं प्रेशर कुकर आणि रागानं थरथरणारी बोटं. माझ्या हट्टापायी ही शेवटची बाटली मेली तर सुजाताचं या जगात काय उरणार? फोटोतला चिठ्ठीचा पांढरा काठ? मी तात्यांकडं पाहिलं. ते म्हणाले, “ताई, तुमी ठरवा. तिचं तुमालाच ठावं.” मी टेबलावर एक कोरी चिठ्ठी ठेवली, शाळेच्या वहीवर लावतात तसली. म्हटलं, “न्या सर. वर काय घालायचं आणि काय नाही तेही सांगते. फक्त तिचं पूर्ण नाव या चिठ्ठीवर तुमच्या हातानं लिहा, आणि समितीपुढं बाटली फिरवू नका. एवढं केलंत तर मी सगळं विसरते.” खरंच विसरले असते. सरांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. चिठ्ठीवर वाकले. मी श्वास रोखला, बाटली बदलताना रोखते तसा. “नाव आपण नंतर टाइप करून लावू,” ते म्हणाले. “आत्ताच,” मी म्हटलं, “मराठीत.” मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. ज्या बाटलीसाठी गाडी काढून आले ती समोर होती, आणि तीन शब्द त्यांच्या हातून लिहवेनात.

तात्या तेवढ्यात आत जाऊन चहा घेऊन आले होते. दाराशी आलेल्या माणसाला ते तसं जाऊ देत नाहीत. “सायेब, च्या घ्या.” सरांनी कपाकडं बघितलं, हात वर केला आणि म्हणाले, “नको नको, आज उपास आहे माझा.” वार बुधवार होता. माझ्या आत कुणीतरी हसलं, अगदी ओळखीचं. मी भोळा चेहरा केला आणि विचारलं, “सर, बुधवारचा उपास कुठल्या देवाचा वं?” ते गाडीकडं निघाले. त्यांच्या वाट्याचा चहा मी प्यायले. माझ्याही वाट्याचा प्यायले.

त्यानंतरच्या रविवारी मी पिंपळीला गेले. आधी अंगणात तासभर नुसती बसले, हात मांडीवर ठेवून, ते शांत होईपर्यंत. मग आत जाऊन दिवा पेटवला आणि त्या एका बाटलीतल्या झुपक्याचे चार भाग केले. एकाच बाटलीत ठेवणं सुरक्षित होतं, पण एकाच्या चार झाल्या पाहिजेत असं मला वाटलं. तात्या दाराबाहेर बसले होते. आज त्याला दहा दिवस झाले. मघाशी बघून आले, चारही बाटल्या स्वच्छ आहेत. एकीत नवं पान उघडलं आहे, नखाएवढं. कुणालाही हवी असेल, कुठल्याही शाळेला, कॉलेजला, तर पिंपळीला यावं, वाढल्या की द्यायला आम्ही तयार आहोत. चिठ्ठी काढायची नाही एवढीच अट आहे. सरांनाही तीच अट आहे, आणि त्यांनी हा लेख इथपर्यंत वाचला असणार याची मला खात्री आहे.

चिठ्ठ्या तात्यांनी लिहिल्या. कंडक्टरचं अक्षर, सुटं आणि टपोरं. चष्मा लावून, जीभ दातांत धरून त्यांनी चार वेळा लिहिलं: सुजाता मारुती भालेराव. मी एकेक बाटलीला डकवत गेले, अक्षरं समोर येतील अशी. चिठ्ठ्यांचं पान अजून बरंच उरलं होतं. तात्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “बाटल्या तर चारच हायती. ह्या राहिलेल्यांवर लिवू का न्हाय?”

“लिवा तात्या,” मी म्हटलं. “समद्यांवर लिवा.”